ग्रामपंचायतीवर आडवी बाटली

आमच्या सावळदरी ग्रामपंचायतीवर झेंड्यांचे नियम करायची पाळी आली ती ठेकेदारामुळे. इमारतीच्या दुरुस्तीत ध्वजस्तंभ एक मंजूर होता, त्यानं दोन उभे केले. एक अंगणात, चौथऱ्यासकट, तिरंग्यासाठी. दुसरा गच्चीच्या कोपऱ्यात, कशासाठी ते त्यालाही माहीत नाही. विचारलं तर म्हणाला, "येक मोडला तं?"

रिकामा खांब आमच्या गावात फार दिवस रिकामा राहत नाही. आठवड्याच्या आत गणेश मंडळानं अर्ज दिला, दोन पक्षांनी दिला, क्रिकेटच्या टीमनं दिला आणि आर्णी रोडवरचा एक हॉटेलवाला तर 'शुद्ध शाकाहारी' असं लिहिलेला झेंडा घेऊनच आला. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, वॉर्ड दोन, बिनविरोध, कारण दुसरा उमेदवार फॉर्म भरायला निघाला तेव्हा त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. त्यामुळे हे सगळं मी अगदी जवळून पाहिलं आहे.

आमचे सरपंच वामनराव सज्जन माणूस. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटते, निर्णयाची. ते ग्रामसेवक संघदीप साहेबांना म्हणाले, "साहेब, नियम करा. असा करा का कोनाचाच झेंडा त्यात बसला नाई पायजे, अन् मले कोनाले नाई म्हनाचं कामही नाई पडलं पायजे."

संघदीप साहेब वणीकडचे. पंधरा ऑगस्टचा तिरंगा ते स्वतः इस्त्री करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी बसून नियम लिहिले, आणि मनापासून लिहिले. तिरंगा ज्या दिवशी असेल त्या दिवशी दुसरं कापड बाहेर काढायचं नाही. दुसऱ्या खांबावर धर्माचा, जातीचा, पक्षाचा, नेत्याचा, नटाचा किंवा धंद्याचा झेंडा चालणार नाही. झेंडा गावानं मिळून केलेल्या एखाद्या कामाचा असावा. आणि तालीम करायची नाही, कारण तालमीच्या नावाखाली झेंडा चढवून तो उतरवायला विसरण्याची आमच्याकडं जुनी परंपरा आहे. ग्रामसभेनं नियम मंजूर केले. सगळ्यांचा सारखाच अपमान झाल्यामुळे गावात शांतता राहिली.

मग बिजलीबाई आल्या.

बिजलीबाई आमच्या तांड्यावरच्या. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि बिजलीबाईंना सगळं गावच याडी म्हणतं, त्यात त्यांच्याहून वयानं मोठे असलेले म्हातारेसुद्धा आले. ह्या बाईनं गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलं. दगड मारून नव्हे, मतदानानं. ज्यांनी हे मतदान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्यात मत फक्त बायाच देतात आणि मतपत्रिकेवर उमेदवार दोनच असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आणि आडवीला नुसती जास्त मतं पडून भागत नाही, यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त बाया तिच्या बाजूनं लागतात. म्हणजे जी घरी बसली ती उभ्या बाटलीच्याच कामी आली. तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. याडींनी शेताशेतातून बाया आणल्या, कमरेच्या ओटीत कापूस तसाच. आमच्या गावात आमदारकीलाही इतकी लांब रांग लागलेली नाही.

बंद झालेलं दुकान धरमसिंगचं, म्हणजे याडींच्या सख्ख्या दिराचं. आता तो त्याच शटरमधून थंड पाण्याचे कॅन विकतो आणि गिऱ्हाइकाकडं असा पाहतो, जणू त्यानंच त्याला धोका दिला.

मासिक सभेत याडी उभ्या राहिल्या. "आमाले झेंडा लावाचा हाय. आडव्या बाटलीचा. दुकान बंद झालं त्या तारखेले, येका दिवसापुरता."

वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "याडी, सरकारी इमारतीवर दारूची बाटली?"

"आडवी हाय थे."

"आडवी असली तरी बाटली तं हाय ना बाप्पा!"

संघदीप साहेबांनी नियमांवर बोट ठेवलं. "धर्माचा नाही. जातीचा नाही. पक्षाचा नाही. काम गावानं मिळून केलेलं आहे." प्रत्येक वाक्याला वामनरावांचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. शेवटी त्यांना एक आधार सापडला. "जाहिरात! धंद्याची जाहिरात होते थे!"

"वामनकाका," मी म्हणालो, "माल झोपलेला दाखवून जाहिरात कोन्ती कंपनी करते?"

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या धरमसिंगनं हरकत घेतली. "चित्र काढाले तांड्यावरच्या वैष्णवी पोरीनं जुनी बाटली माह्याच दुकानातून नेली. माह्या मालाले मले न इचारता कोनी झोपवू शकत नाई."

त्याच्या मागून त्याची बायको कौसल्या म्हणाली, "इतके वर्सं तिच्या पायी साऱ्या गावाले झोपवलं तुमी, तवा कोनाले इचारलं होतं?" ही दोघं नवरा-बायको घरातली भांडणं तांड्याच्या भाषेत, गोरबोलीत करतात. गावाला समजावं असं वाटलं की वऱ्हाडीत.

वामनरावांनी शेवटचा प्रयत्न केला. "याडी, असं करा ना. तुमच्या घरावर लावा. नारळ फोडाले मी सोता येतो."

"माह्या घरावर कायले?" याडी म्हणाल्या. "माहं घर तं पयलेपासून माह्याच बाजूनं हाय. अमरसिंग होता तवापासून मी ह्या इमारतीत चकरा मारल्या. हरयेक डाव हे म्हने, हे आमच्याकडं येत नाई, आर्णीले जा. आर्णीवाले म्हनत, यवतमाळले जा. आखरीले आमी मतं टाकून दुकान बंद केलं, तरी ह्या इमारतीनं येक शबद काढला नाई. आता मले हिच्या तोंडून आयकाचं हाय. येक दिवस. बस."

अमरसिंग हा याडींचा थोरला. तो मिसरूड फुटायच्या आधी त्या दुकानाच्या पायरीवर बसायला लागला, आणि लग्नाचं बोलणं सुरू होतं तेव्हा त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आला नाही. 

"अन् त्या दिवशी महागाव तालुक्यातल्या बाया येऊन राह्यल्या," याडी पुढं म्हणाल्या. "त्यांचं मतदान त्याच्या पुढच्या हप्त्यात हाय. त्यांचे मानसं त्याईले सांगून राह्यले का सरकार दारूवाल्याचंच असते, कायले उनात रांग लावता. त्याईले दाखवाचं हाय का येका तरी सरकारी इमारतीवर आपली बाटली हाय."

"बसतो," संघदीप साहेब म्हणाले. "नियमात बसतो."

ज्या बैलाला आपणच सोडलं आणि ज्यानं आपलंच शेत खाल्लं, त्याच्याकडं पाहावं तसं वामनरावांनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि सही केली.

आता प्रश्न रंगाचा. भगवा नको, निळा नको, हिरवा नको, पांढरा नको, पिवळा नको, प्रत्येकाच्या मागं कोणीतरी आधीच उभं होतं. शेवटी जांभळा ठरला, वांग्याचा. वांग्याला अजून कोणी पक्षात घेतलेलं नाही.

वैष्णवीनं कापडावर खडूनं बाटली काढून दिली, लांबच्या लांब, बूड ह्या टोकाला आणि तोंड त्या टोकाला. भरतकाम तांड्यावरच्या बायांनी हातात घेतलं, आणि इथंच ते कोणाच्या हातात राहिलं नाही. आमच्या तांड्यावरच्या बायांना साधं कापड साधं ठेवता येत नाही. त्यांनी नवरीच्या घागऱ्याला भरतात तसा तो झेंडा भरला. सगळी बाटली आरशांची. काठाला कवड्या. चारी कोपऱ्यांना जुनी नाणी. आरशांच्या मधल्या जागेत लाल-पिवळ्या टाक्यांची इतकी दाटी की मूळ जांभळा रंग बघायला परवानगी काढावी लागली असती. महिनाभर अंगणात अंथरून, भोवती गोल बसून, मांडीवर घेऊन त्या शिवत होत्या. शेवटी घडी उचलायला दोघी लागायला लागल्या. याडींचे मालक शंकरसिंगकाका, जे दुकान बंद झाल्यापासून शुद्धीवर आहेत, झेंडा पाहून म्हणाले, "हिच्यापायीच माहं वाटोळं झालं, पन इतकी देखनी थे कवाच दिसली नवती."

तो दिवस ऑक्टोबरातला. कापूस फुटला होता आणि झाडाचं पान हलत नव्हतं. महागावकडच्या बाया टाटा मॅजिकमधून आल्या. पुढं विमलताई, उंच, अबोल, हातात छत्री. अंगणातल्या चौथऱ्यावर तिरंगा नव्हता, साहेबांनी आदल्या दिवशीच ते दोनदा तपासलं होतं. आमच्या गावच्या बाया धुतलेली लुगडी, साड्या, घागरे घालून रांगेत उभ्या होत्या. खरं सांगतो, मला छाती फुगल्यासारखं वाटत होतं. आमच्या गावानं आजवर तालुक्याला दाखवण्यासारखं काही केलं असेल तर ते हेच.

याडींनी अंगणात सोडलेला दोर ओढला. झेंडा कुरकुरत वर चढला, गच्चीच्या वर गेला, खांबाच्या टोकाला टेकला आणि उलगडला.

उलगडला आणि लोंबला.

वारा नाही, आणि त्यात नवरीच्या घागऱ्याचं वजन. पुढचं टोक सरळ खाली आलं. तोंड खांबाकडं होतं, ते वरच राहिलं. बूड खाली गेलं. ग्रामपंचायतीच्या डोक्यावर भर उन्हात आरशांची एक बाटली उभी राहिली, सावधानच्या स्थितीत.

महिनाभर जमिनीवर अंथरून शिवलेली बाटली कोणत्याही बाजूनं पाहिली तरी आडवीच होती. आणि तालमीला बंदी होती.

सगळ्यात आधी धरमसिंगनं टाळी वाजवली. "वा रे वा! उभी! ग्रामपंचायतीनं सांगतलं, उभी!" त्यानं मोबाईल काढला. "हलू नका वो कोनी, स्टेटसले टाकतो. साऱ्या तालुक्यानं पाह्यलं पायजे."

महागावकडच्या बायांत कुजबुज सुरू झाली. "इथं तं उभी हाय वो." "मंग दुकान चालू हाय काय यांचं?" एक म्हातारी हळूच म्हणाली, "आपले मानसं खोटं नवते सांगत."  विमलताईंनी छत्री मिटली, निघायच्या आधी मिटतात तशी. त्यांच्यासाठी मतदान पुढच्या आठवड्यात होतं, आणि त्या आमच्या इमारतीचं उत्तर घेऊन परत जाणार होत्या.

आम्ही वाऱ्याची वाट पाहिली. आमच्याकडं वारा मे महिन्यात येतो आणि जाताना टिनं घेऊन जातो, बाकीचं वर्ष त्याला सुट्टी. साहेबांनी ऑफिसातला स्टँडचा पंखा बाहेर आणला, वायर दारापर्यंत पुरली, त्यामुळे उंबरठ्याला चांगली हवा लागली. मग क्रिकेटच्या टीममधल्या बंटीनं पाठीवरचा फवारणीचा पंप आणला, पेट्रोलवरचा. इंजिन चालू करून त्यानं नळी आभाळाकडं धरली. झेंडा हलला नाही. एक कवडी निसटली आणि वामनरावांच्या टकलावर पडली.

"उतरवा थे!" वामनराव म्हणाले. "याडी, लाज जाऊन राह्यली गावाची. उतरवा."

याडींनी दोर हातात घट्ट धरला होता. "उतरवला तं हे इमारत पुन्हा मुकी झाली. मंग ह्या बाया काय घेऊन जातीन?"

त्या वर पाहत राहिल्या. मग त्यांनी दोर भिंतीतल्या कडीला बांधला, पदर कमरेला खोचला आणि रांगेकडं वळल्या. "काय वो, कापूस बांधतानी पाल पसरता तवा वाऱ्याची वाट पायता काय? कापडाले हात पायजेत. चाला वरतं."

वर जायला जिना नव्हता. जिना मंजूर होता, बहुतेक त्याच्याच बदल्यात आम्हाला दुसरा खांब मिळाला असावा. मग शिडी लागली, आणि गावात एवढी लांब शिडी एकच, धरमसिंगच्या पाण्याच्या टाकीची. कौसल्या गेली आणि खांद्यावर घेऊन आली.

"शिडी माही हाय!" धरमसिंग ओरडला.

"मंग धरा ना नीट," कौसल्या म्हणाली. "पडली तं तुमचीच वयनी पडन, अन् थे अख्ख्या गावादेखत."

शिडी दोन्ही हातांनी धरावी लागते. मोबाईल खिशात गेला.

याडी चढल्या. साठी ओलांडलेली बाई, घागऱ्याला घुंगरं, प्रत्येक पायरीला आवाज. त्यांच्या मागं कौसल्या, मग तांड्यावरच्या दोघी, मग गावातल्या, मग बौद्ध पुऱ्यातल्या. धरमसिंग खाली मान घालून शिडी धरून उभा, आणि आपल्या धंद्याचं वाटोळं करणारी एकेक बाई स्वतःच्या हातानं वर पोचवत होता.

गच्चीवर जाऊन त्यांनी खालच्यांना दोर सैल करायला लावून झेंडा डोक्याच्या उंचीपर्यंत आणला. एक बाजू खांबालाच राहू दिली. दुसरी बाजू दोघींनी ओढून कठड्यापर्यंत नेली, दोघींनी खालचा काठ ताणला, मधल्यांनी खांदे लावले. सरकीसकट कापसाचा पाल तोलणाऱ्या बाया ह्या, त्यांना घागऱ्याचं वजन काय सांगावं? कापड ताठ झालं. ऊन आरशांवर पडलं आणि उजेडाचे तुकडे अंगणभर, भिंतीवर, टाटा मॅजिकच्या काचेवर नाचायला लागले. एक नेमका धरमसिंगच्या डोळ्यावर बसला आणि हात मोकळे नसल्यामुळे तिथंच राहिला.

बाटली आडवी होती. चार गावांतून दिसेल इतकी आडवी.

वामनरावांनी घाबरून विचारलं, "साहेब, हे नियमात बसते काय?"

संघदीप साहेबांनी चष्मा पुसला, वर पाहिलं, पुन्हा पुसला. "झेंडा खांबाला बांधलेला आहे," ते म्हणाले. "वारा कोणी द्यायचा, हे नियमात लिहिलेलं नाही."

मग विमलताईंनी छत्री मॅजिकच्या सीटवर ठेवली, चपला शिडीजवळ काढल्या आणि चढायला लागल्या. त्यांच्या मागं त्यांच्या बाया. ज्या म्हातारीनं आपल्या माणसांना खरं ठरवलं होतं ती खालीच थांबणार होती, पण धरमसिंगनं, सवय झाल्यामुळे असेल, तिलाही आधार दिला आणि ती वर गेली. वेचणीत हात बदलतात तशा बाया झेंड्यावर हात बदलू लागल्या. एक दमली की दुसरी कोपरा घ्यायची, कापड सैल पडू न देता. कोण कुठल्या गावची ते खालून कळेनासं झालं.

वरून विमलताईंचा आवाज आला. पहिल्यांदाच त्या काही बोलत होत्या. "बिजलीबाई, हे ऑफिस आयकते काय वो तुमचं?"

"कोठं आयकते!" याडी म्हणाल्या. "म्हून तं त्याच्या डोक्श्यावर चढलो."

अख्खी गच्ची हसली. खाली वामनरावांनाही ते ऐकू गेलं. ते हसले नाहीत. ते बराच वेळ गच्चीकडं पाहत होते, एका हातात ती कवडी. मग ते आत गेले. मला वाटलं, आता आर्णीला फोन करणार आणि विचारणार की हे आमच्याकडं येतं का.

तेवढ्यात गच्चीवरच्या भोंग्यात खरखर झाली. पाणीपट्टी आणि हरवलेल्या बकऱ्या सांगायचा हा भोंगा, याडींच्या कानापासून हातभर अंतरावर. त्यातून वामनरावांचा आवाज आला, ग्रामसभेत असतो त्याहून थोडा जास्त घाबरलेला.

"सावळदरी ग्रामपंचायत सर्व गावकऱ्याईले अन् पावन्याईले कळवते का... गावातलं दारूचं दुकान बंद हाय. गावच्या बायाईनं बंद केलं. ग्रामपंचायत त्याईच्या बाजूनं हाय. पयलेच राहाले पायजे होती." मग थोडी खरखर. "दुकान बंदच राहीन. कळावे."

 धरमसिंगनं शिडी धरलेलीच होती. साहेब तिरंग्यासमोर उभे राहतात तसे सरळ उभे होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गच्चीवर महागावकडच्या बाया भोंग्याकडं पाहत होत्या, आणि विमलताईंनी झेंड्याचा कोपरा आणखी घट्ट पकडला.

याडींच्या हातात खालचा काठ होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांनी कापड सोडलं नाही. त्यांनी फक्त मान वळवली, भोंग्याकडं तोंड केलं, आणि तो ऐकतो असं समजून म्हणाल्या, "अजून येक डाव."

खिडकी उघडी होती. वामनरावांना ऐकू गेलं असावं. त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, ह्या वेळी मोठ्यानं.